ताळा जमला, पैसे गेले

परवा रात्री साडेनऊला दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरचा मुलगा उभा होता आणि त्याच्या मागे त्याचे बाबा, हातात क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट. "बाई, आता तुम्हीच विचारा याला. ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातात का कधी?" मुलगा रडकुंडीला आलेला. "मी कुणालाही ओटीपी दिला नाही बाई. आलाच नव्हता!" नौपाड्यातल्या शाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवलं. हा मुलगाही माझ्याच वर्गातला. त्यामुळे इमारतीतला आकड्यांचा कुठलाही तंटा शेवटी माझ्याच दाराशी येतो.

हकिगत अशी. बी.कॉम. होऊन वर्ष झालं, नोकरी नाही. ठाणे-वाशी लोकलने कधी ऐरोली, कधी रबाळे, कधी घणसोली अशा मुलाखती देत तो हिंडतोय. मध्येच व्हॉट्सॲपवर निरोप आला: ऐरोलीत बॅक ऑफिसचं काम, महिना २८ हजार, मुलाखतीची वेळ पक्की करायला ४९ रुपये भरा, पहिल्या पगारात परत मिळतील. लिंक उघडली, नाव-पत्ता-जन्मतारीख भरली. पैसे मात्र फक्त कार्डाने घेणार, यूपीआय नाही. त्याने बाबांचं कार्ड घेतलं. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा 'पेमेंट फेल'. पैसे कापले गेले नाहीत म्हणून त्याला हायसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तरीही तो दिलेल्या पत्त्यावर गेला. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "या नावाची कंपनी इथे नाही. सकाळपासून तू चौथा."

चार दिवसांनी, रात्री पावणेतीनला, कार्डावर एक डॉलरचा खर्च पडला. मागोमाग परदेशी साइटवर आणखी दोन मोठे. सगळे मिळून ३७ हजारांच्या आसपास. बाबा झोपले होते, सकाळी मेसेज पाहिले.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेल. मला लिहायला बसवलं ते मुलाच्या पुढच्या वाक्याने. "साइट खोटी कशी असेल बाई? माझा एक आकडा चुकला तर तिने लगेच लाल अक्षरांत पकडला. कार्डाच्या कंपनीचा लोगो आला, बँकेचं नावसुद्धा आपोआप आलं. बँकेशी जोडलेली असल्याशिवाय तिला कसं कळेल?"

कळतं. बँकेला विचारावंच लागत नाही. तुमच्या कार्डाचा क्रमांक स्वतःच ते सांगत असतो.

कार्डावरचे १६ आकडे म्हणजे लॉटरीसारखे यदृच्छेने काढलेले आकडे नव्हेत. पहिला आकडा ४ असेल तर कार्ड व्हिसाचं. पहिले सहा आकडे, आणि २०१७ साली बदललेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पहिले आठ, ही कार्ड देणाऱ्या बँकेची ओळख. कोणत्या आकड्यांमागे कोणती बँक याचे तक्ते इंटरनेटवर सहज मिळतात. म्हणजे तुम्ही अर्धा क्रमांक टाइप करेपर्यंत भामट्याच्या पानावर बँकेचं नाव उमटू शकतं. आपल्या गाडीच्या नंबरात एमएच ०४ दिसलं की ठाणे आणि एमएच ४३ दिसलं की नवी मुंबई हे ओळखायला आपण आरटीओला फोन करतो का? त्यातलाच प्रकार.

चुकीचा आकडा पकडण्याची गोष्ट मात्र याहून सुंदर आहे. आता थोडा वेळ मला सहन करा.

माझ्या पिढीला शाळेत गुणाकाराचा ताळा पाहायला शिकवत. आकड्यांची बेरीज करायची, नऊ टाकून द्यायचे, दोन्हीकडे सारखं उरलं की ताळा जमला. कार्डाच्या क्रमांकातही असाच ताळा दडलेला आहे. तो हान्स पीटर लून या आयबीएममधल्या जर्मन वंशाच्या संशोधकाने शोधला. १९५४ साली त्याने पेटंटचा अर्ज केला, १९६० साली ते मिळालं. तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे होतं हातात धरायचं, चक्रांचं एक यांत्रिक उपकरण. क्रमांक फिरवा, बरोबर की चूक ते बघा.

रीत अशी. १६ आकडी क्रमांकात डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे दुप्पट करायचे. दुप्पट दोन आकडी झाली, जसे ७ चे १४, तर १ आणि ४ मिळवून ५ घ्यायचे. उरलेले आकडे तसेच ठेवायचे. सगळ्यांची बेरीज शून्यावर संपली, म्हणजे १० च्या पटीत आली, की क्रमांक पास. शेवटचा सोळावा आकडा त्याचसाठी असतो. आधीच्या पंधरांची बेरीज करून तो असा निवडतात की एकूण शून्यावर यावी.

प्रोग्रामर लोक चाचणीसाठी ४१११ ११११ ११११ ११११ हा क्रमांक वापरतात, तोच घेऊ. दुप्पट करायच्या जागी एक ४ आणि सात १. त्यांचे झाले ८ आणि १४, म्हणजे २२. न बदललेले आठ १ मिळून ८. एकूण ३०. ताळा जमला. आता सुरुवातीचे ४ आणि १ यांची अदलाबदल करा. ४ आणि १ मिळून आधी ८ आणि १, म्हणजे ९ देत होते. आता २ आणि ४, म्हणजे ६. बेरीज २७. ताळा चुकला, लाल अक्षरं हजर!

दुप्पट का करायची? नुसती बेरीज केली तर ४१ आणि १४ यांत फरकच राहत नाही, आणि घाईघाईने टाइप करताना शेजारचे आकडे उलटेपालटे होणं ही तर नेहमीची चूक. मग दुपटीचा एककाचाच आकडा का नाही घेतला, अंकांची बेरीज कशाला? करून बघा. एकक घेतला तर १ चे २ आणि ६ च्या १२ चेही २. म्हणजे १ च्या जागी ६ पडला तरी चूक लपणार. लूनच्या रीतीत ० ते ९ यांचे अनुक्रमे ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९ होतात. दहाच्या दहा वेगळे! म्हणून एक आकडा चुकला की बेरीज बदलणारच, सुटका नाही. ही ओळ पहिल्यांदा फळ्यावर लिहिली तेव्हा मीच क्षणभर खडू घेऊन थांबले होते.

एक फट मात्र आहे. ० चा ० च राहतो आणि ९ चा ९ च. त्यामुळे शेजारचे ०९ जर ९० झाले तर बेरीज तीच. शेजारच्या अदलाबदलीत एवढी एकच जोडी निसटते. आधारच्या बारा आकड्यांत ही फटही नाही. तिथे व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची १९६९ सालची रीत आहे. ती पंचकोनाच्या फिरवण्या-उलटवण्यांवर बेतलेली आहे. आधी फिरवून मग उलटवणं आणि आधी उलटवून मग फिरवणं यांतून वेगळी उत्तरं येतात, म्हणून अदलाबदल लपत नाही. त्यात शिरले तर पहाट होईल.

घरी प्रयोग करायचा असेल तर कार्ड कुणाला दाखवू नका, मोबाइल घ्या. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, येतो. त्यातही लूनचाच ताळा असतो. तिथे आकडे पंधरा असल्यामुळे दुसरा, चौथा, सहावा असे दुप्पट करायचे.

जाता जाता एक. आकड्यांच्या बेरजेतून भविष्य सांगणाऱ्यांचं आमच्या स्टेशन परिसरात बरं चाललंय. 'लकी' मोबाइल नंबर, मुलाच्या नावात जादा 'ए', सगळ्याचे वेगळे दर. आकड्यांची बेरीज करून हातात काहीतरी खरं लागतं ते लूनच्या रीतीत, आणि तिथेही एवढंच कळतं की टाइप करताना बोट चुकलं की नाही.

आणि हाच मुद्दा आहे. ताळा चुकीसाठी असतो, चोरासाठी नव्हे. कुठलंही गुपित त्यात नाही, दहा-बारा ओळींच्या प्रोग्रामात तो बसतो. भामटेही तो आपल्या पानावर टाकतात, कारण चुकीचे क्रमांक गोळा करून त्यांना काय करायचंय? मुलाला जी साइटच्या खरेपणाची खूण वाटली ती चोराने स्वतःच्या सोयीसाठी केलेली निवड-टिपण होती. 'पेमेंट फेल' हाही नाटकाचाच भाग. पैसे कुठे पाठवलेच नव्हते, फक्त क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे टिपून घेतले होते.

मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, ही निराळी चीज. तीही यदृच्छेने काढत नाहीत. कार्डाचा क्रमांक, मुदतीचा महिना-वर्ष आणि एक तीन आकडी संकेत यांची बँक आपल्या गुप्त किल्ल्यांनी सांकेतिक लिपी करते आणि त्या उत्तरातून तीन आकडे वेचते. किल्ली बँकेजवळ, त्यामुळे ताळ्यासारखं हे कुणालाही घरबसल्या काढता येत नाही. पण बँकेने ते कार्डाच्या पाठीवरच छापून दिलेत! दुकानदारांनी व्यवहारानंतर ते साठवू नयेत असा कार्ड उद्योगाचा नियम आहे. भामट्याकडून तो पाळला जाण्याची अपेक्षा तुम्ही करत असाल तर प्रश्नच मिटला.

"पण यूपीआय का नको म्हणाले ते?" बाबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. यूपीआयमध्ये पिन टाकून पैसे आपण ढकलतो. ४९ ढकलले की ४९ च जातात, चोराच्या हाती पुन्हा वापरता येईल असं काही उरत नाही. कार्डात उलटं. पैसे दुकानदार ओढतो, आणि ओढायची दोरी म्हणजे तो क्रमांक. दोरी ज्याच्या हातात गेली तो पुढच्या आठवड्यातही ओढू शकतो. पावणेतीनचा तो एक डॉलर म्हणजे दोरी घट्ट आहे ना, याची ओढून घेतलेली परीक्षा. रक्कम इतकी लहान की कुणी जागं होत नाही.

आता ओटीपी. भारतात ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. आपल्याला ती इतकी अंगवळणी पडलीय की ओटीपी हा कार्डाचाच एखादा अवयव आहे असं वाटतं. तसं नाही. ओटीपीची प्रक्रिया दुकानदाराच्या बाजूने सुरू व्हावी लागते, आणि परदेशी दुकानदाराला आपला नियम लागू नाही. त्याने क्रमांक आणि मुदत पाठवली, बहुधा सीव्हीव्हीही, आणि आपल्या बँकेने हो म्हटलं की झालं. त्यामुळे मुलगा खरंच बोलत होता. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२६ ही मुदत देऊन परदेशी व्यवहारांसाठीही पडताळणीची सोय करायला बँकांना सांगितलं. मात्र ती पडताळणी परदेशी दुकानदाराने मागितली तर. न मागणाऱ्यांसाठी बँकांनी धोका जोखायचाय. चोर कोणत्या दुकानात जाईल हे वेगळं सांगायला नको.

मग एवढं सोपं असेल तर रोज सगळ्यांचीच कार्डं का लुटली जात नाहीत? एक कारण म्हणजे १६ मार्च २०२० पासून नव्या कार्डांवर ऑनलाइन आणि परदेशी वापर मुळात बंद असतो, हवा असेल तर आपण सुरू करायचा. बाबांना विचारलं. बराच वेळ आठवून ते म्हणाले, पुतण्याच्या अमेरिकेतल्या कॉलेजची अर्जाची फी दोन वर्षांपूर्वी याच कार्डाने भरली होती. तेव्हा सुरू केलेलं बटण तसंच होतं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बँकेचं ॲप उघडलं आणि माझ्यासमोरच बटण बंद केलं. मुलाकडे मात्र बघितलं नाही.

त्यांच्या हातात एक गोष्ट होती, वेळ. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर भुर्दंड शून्य, आणि वादातली रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा करायची. ग्राहकानेच तपशील दिले असतील तर तक्रारीच्या क्षणापर्यंतचं नुकसान त्याचं. फसव्या पानावर कार्ड भरणं यातल्या कोणत्या खणात बसतं यावर बँक भांडणार हे उघड आहे. माझ्या मते सावज आणि निष्काळजी माणूस यांना एकाच खणात कोंबणं अन्यायाचं आहे. पण एक गोष्ट बाबांच्या बाजूने होती. दुकानदाराने ओटीपीची पायरी टाळली असेल तर अशा फसवणुकीचा बोजा कार्ड कंपन्यांच्या नियमांत सहसा त्याच्याकडेच जातो. त्या रात्री आम्ही आधी कार्ड ब्लॉक केलं, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, मग बँकेला ईमेल. 'ओटीपी आला नाही' हे वाक्य मी मुद्दाम पहिल्या ओळीत घालायला लावलं.

काल पैसे तात्पुरते जमा झाले, चौकशी चालू आहे. नवं कार्डही आलंय. बाबा ते घेऊन खाली आले, चेहरा पुन्हा चिंतेत. "बाई, सगळ्या आकड्यांची बेरीज केली, शेवटी आठ येतो. शनीचा आकडा. बदलून मागू का?"

मुलगाच म्हणाला, "एकाआड एक दुप्पट करून बघा बाबा. शून्यावरच येईल. सगळ्यांचंच येतं."