जपानी छापचित्रे युरोपात रद्दी म्हणून पोचली का?
जपानी लाकडी ठशांची चित्रे चिनीमातीच्या भांड्यांभोवतीची रद्दी म्हणून १८५६च्या सुमारास फ्रान्सला पोचली आणि योगायोगाने चित्रकारांच्या हाती लागली, असे सांगतात. एखादे पान तसे गेलेही असेल. पण त्याआधीच, १८२०च्या दशकात, नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरील डच वखारीतल्या जर्मन डॉक्टरने अशी चित्रे जपून जमवली होती. तो संग्रह नेदरलँड्समधल्या लायडनला आहे. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनातही जपानी छापचित्रे मांडली गेली. पुढे पॅरिसचे व्यापारी ती विकत, आणि ‘सूर्यफुले’ रंगवणाऱ्या डच चित्रकार व्हॅन गॉगने शेकड्यांनी घेतली. पारखून, पैसे मोजून घेतलेल्या या कारागिरीचे श्रेय योगायोगाला देणे मला अन्यायाचे वाटते. पडताळायचे असेल तर लायडन आणि ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयांच्या ऑनलाइन नोंदी उघडा. चित्र कुणाकडून आले ते बहुधा तिथे लिहिलेले असते.