ड्रेन्त्से आ

नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ड्रेन्थ प्रांतातील ओढ्यांचे खोरे आणि त्याभोवतीचा संरक्षित भूप्रदेश. आसन आणि ग्रोनिंगन या शहरांच्या दरम्यानचे सुमारे १०,००० हेक्टर क्षेत्र २००२ पासून राष्ट्रीय दर्जाचे मानले जाते. त्यात गावे आणि चालू शेतीही आहे. ओढ्याला सलग एक नाव नाही. टार्लोसे डीप, स्खिपबोर्खसे डीप अशी गावागणिक नावे बदलतात. देशातील बहुतेक ओढे विसाव्या शतकात सरळ खोदले गेले, याची वळणे मात्र बरीचशी टिकली.

हिमयुगात साचलेल्या गोट्यामिश्रित चिकणमातीच्या थरामुळे उंचवट्यावर पावसाचे पाणी मुरत नाही. तिथे हीदर या बुटक्या झुडपाचे ओले माळ आणि स्फॅग्नम शेवाळाची डबकी आहेत. काही गोल डबकी म्हणजे जमिनीतला बर्फाचा गोळा वितळून राहिलेले खळगे असून त्यांत पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साचले आहे. उताराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, भूजल वर झिरपते. त्यातले लोह फॉस्फेटला बांधून ठेवते, म्हणून तिथली कुरणे नापीक राहतात आणि नेमक्या त्यामुळेच ऑर्किड व लहान लव्हाळ्यांना जागा मिळते.

माळ नैसर्गिक वाटला तरी तो माणसाने घडवला आहे. हा भाग म्हणजे गावाचे गायरान होते. तिथे मेंढ्या चरत. हीदरची मुळांसकट कापलेली ढेपे गोठ्यात अंथरत आणि शेणात मुरल्यावर गावाच्या सामाईक शेतावर टाकत. शतकानुशतके हे चालल्याने काही शेतांवर ५० सेंमी.हून जाड काळा थर चढला आणि माळ तेवढाच निःसत्त्व झाला. रासायनिक खत आल्यावर या चक्राची गरज संपली, आणि बराच माळ नांगराखाली गेला.

त्यामुळे आजची निगा म्हणजे मुख्यतः सत्त्व बाहेर काढणे. ओढ्याकाठची कुरणे खत न घालता वर्षातून एकदा किंवा दोनदा कापतात. गवत उचलून न्यावेच लागते. जागीच राहिले तर ते कुजून नायट्रोजन परत देते आणि वर्षानुवर्षांचे काम फुकट जाते. ओल्या पीटवर जड ट्रॅक्टर रुततो व माती दाबली जाते, म्हणून चाकांऐवजी रुंद पट्ट्यांवर चालणारी हलकी यंत्रे लागतात. माळावर मेंढ्या दिवसा चारून रात्री गोठ्यात नेतात, म्हणजे लेंड्याही बाहेर जातात.

हवेतून पडणारा, मुख्यतः पशुपालनातला नायट्रोजन ही मोठी अडचण. त्याने मोलिनिया गवत माजते आणि हीदर दबतो. वरची ५ ते १० सेंमी. माती खरवडणे हा जुना उपाय. पण नायट्रोजनबरोबर फॉस्फेट, आम्लता सावरणारी खनिजे, बियाणे आणि कीटकही जातात. मोठे सलग पट्टे खरवडणे ही चूकच. लहान तुकडे घेऊन गरजेनुसार चुना टाकणे बरे.

पीटची गोष्ट पाण्यावर अवलंबून आहे. चर खोदला की भूजल खाली जाते, हवा शिरते, पीट कुजते, खचते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. थर वर्षाला जेमतेम १ मिमी. वाढतो, त्यामुळे गेलेले लवकर भरून येत नाही. चर बुजवताना शेजारच्या चालू शेतात पाणी तुंबते, आणि खरी वाटाघाट तिथेच होते. १८८१ पासून ग्रोनिंगनचे पिण्याचे पाणीही डे पुंट येथे याच ओढ्यातून उचलले जाते. खोऱ्यातील फवारणीच्या औषधांचा अंश म्हणूनच शहराच्याही काळजीचा विषय आहे.