पानाच्या शेंड्यावर लक्ष ठेवा

कळलावीचं फूल ओळखायला फारशी अक्कल लागत नाही. श्रावणात सोलापूरच्या आसपास बोरी-हिवराच्या जाळीतून लाल-पिवळी ज्वाळ वर आलेली दिसली, की तीच. खरी परीक्षा आषाढात, वेल नुसता हिरवा असताना. तेव्हा पानाचा शेंडा बघायचा. पान निमुळतं होत जातं आणि टोकाला गोल वळून शेजारच्या काटकीला विळखा घालतं. अनेक वेलींना आधार धरणारे ताणे वेगळे फुटतात, हिच्या पानाचं टोकच ताण्याचं काम करतं.

म्हणून हिला आधार लागतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या उघड्या गवताळ माळावर ती शोधण्यात अर्थ नाही. झुडपी रान, ओढ्याकाठची जाळी, बांधावरचं काटेरी कुंपण हे तिचं घर. मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जमीन तिला मानवते. चिबड काळ्या रानात कंद कुजतो.

फूल जवळून बघाच. 6 पाकळ्या, कडा नागमोडी, आणि सगळ्या उलट्या वर वळलेल्या. उमलताना हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. 6 पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे बाजूला पसरतात. मधली परागवाहिनी, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, तर तळाशीच काटकोनात वाकून बाहेर निघते. त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःच्याच कुक्षीवर, म्हणजे त्या दांडीच्या टोकावर, पडणं अवघड होतं. मधासाठी घिरट्या घालणाऱ्या फुलपाखरांच्या पंखांना पराग चिकटतात आणि दुसऱ्या फुलावर पोचतात.

हे फूल घरात आणलं की भांडणं लागतात म्हणे. पण नावातली ‘कळ’ बाळंतपणाची. पूर्वी कळा याव्यात म्हणून कंद वापरत. भांडणापेक्षा हेच जास्त भयंकर, कारण पूर्ण वेल विषारी आहे आणि कंद सर्वांत जास्त. त्यातलं कोल्चिसिन हे विषारी द्रव्य पेशींचं विभाजन थांबवतं. हेच द्रव्य अगदी मोजून दिलं, तर गाऊट या सांधेदुखीवर औषध ठरतं. हे द्रव्य असलेल्या बियांसाठी तमिळनाडूत कळलावीची शेतीही होते. तिथलं ते राज्यफूल आहे. आपण मात्र बघावं, फोटो काढावा आणि कंद उकरायच्या भानगडीत पडू नये.

पाऊस सरला की बोंडं तडकतात, आत लाल बिया दिसतात आणि वेल वाळून जातो. जमिनीखाली कंद राहतो, नांगरासारखा दोन फाट्यांचा. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते याच आकारामुळे. मृगाचा पाऊस बरा झाला, की त्याच फाट्याच्या टोकातून नवा कोंब वर येतो.