म्हाताऱ्या बीचला करवत लावण्याआधी

युरोपातल्या जंगलांत आणि उद्यानांत बीच हे झाड फार दिसतं. ओक आणि चेस्टनटच्या कुळातलं, तीस-चाळीस मीटर उंच जाणारं. त्याची साल म्हातारपणीही गुळगुळीत आणि पातळच राहते, आंब्यासारखी खडबडीत होत नाही. त्यामुळे कुणी कित्येक वर्षांपूर्वी चाकूनं कोरलेलं नाव आजही वाचता येतं. खोड जाड होईल तशी अक्षरं आडवी पसरतात, पण असतात त्याच उंचीवर.

करवतीचा घावही असाच कायमचा राहतो. आपल्याला खरचटलं की मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाचं तसं नसतं. कापलेलं लाकूड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही; झाड त्या भागाला कुंपण घालून उरलेलं अंग वाचवतं. अमेरिकी वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं चिरून ही गोष्ट पाहिली आणि 1977 साली चार 'भिंतीं'च्या रूपात मांडली. पहिल्या तीन भिंती जखमेच्या वेळी असलेल्या लाकडात उभ्या राहतात. त्यांतली वर-खाली पसरणारी कूज अडवणारी भिंत सगळ्यांत कच्ची. चौथी भिंत जखमेनंतर सालीखालचा कॅम्बियमचा, म्हणजे नवं लाकूड बनवणारा, थर नव्यानं बांधतो, आणि ती सर्वांत पक्की असते. म्हणून जुन्या झाडाची ढोली बहुधा जखम झाली तेव्हा खोड जेवढं होतं तेवढ्यातच राहते. बाहेरचं नवं लाकूड ठणठणीत असतं.

हे कळलं की फांदी कुठे कापायची तेही कळतं. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर वळी दिसते. बोट फिरवलं तर सहज लागते. ती खोडाची असते, फांदीची नव्हे, आणि भिंत उभारायची सगळी तयारी तिथेच असते. तिच्या अगदी बाहेरून कापायचं. खोडाला घासून सपाट कापलं तर वळीच जाते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि वळीला जखम झाकता येत नाही. वर रंग किंवा डांबर फासण्याचा तर काहीच उपयोग नाही. आपल्याकडे पावसाळ्याआधीच्या छाटणीत या तिन्ही चुका सर्रास दिसतात, आणि दर वेळी जीव तुटतो.

फांदी जितकी जाड, तितकी जखम मोठी. दहा सेंटीमीटर व्यासाच्या कापाचं क्षेत्रफळ पाच सेंटीमीटरच्या कापाच्या चौपट असतं. जाड फांदीत साठवलेला स्टार्चही तिच्याबरोबर जातो. पानं गेल्यानं नवी साखर कमी बनते, आणि उपासमार पोचते ती मुळांपर्यंत. बीचची मुळं आधीच उथळ. अशक्त झाली की मुळं कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. त्यात बीचला आणखी एक धोका आहे. घनदाट सावलीत वाढलेल्या त्या पातळ सालीवर अचानक ऊन पडलं, तर ती भाजून पट्ट्यापट्ट्यांनी मरते. झाडाचा फांद्या-पानांचा घेर विरळ करताना हे हमखास विसरलं जातं.

लंडनच्या पश्चिमेला बर्नहॅम बीचेस नावाचं जंगल आहे. 1880 पासून ते लंडन शहराच्या महापालिकेकडे आहे. तिथले जुने बीच चारशेहून अधिक वर्षांचे. पूर्वी जळणासाठी त्यांची डोकी गुरांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर वारंवार छाटत. ही प्रथा सुमारे 200 वर्षांपूर्वी थांबली. मग त्या फांद्या वाढून प्रचंड जड झाल्या, आणि खालची पोकळ खोडं त्यांच्या भारानं फाटू लागली. छाटलं नाही तर झाड फाटतं, म्हणून इथे छाटणी टाळता येत नाही. पण सगळं डोकं एकदम उतरवलं तर म्हातारा बीच बहुधा मरतो, कारण जुन्या लाकडातून नवे कोंब फुटायची त्याची ताकद फार कमी. विलो फुटतो तसा तो फुटत नाही.

म्हणून तिथे काम टप्प्याटप्प्यानं चालतं. लांब फांद्यांची टोकं थोडी आखूड करायची, पानं असलेल्या लहान डहाळ्या जपायच्या आणि थांबायचं. काही वर्षांनी परत जाऊन आत, खोडाजवळ, कोवळे कोंब फुटलेत का ते पाहायचं. फुटले असतील, त्यांना ऊन मिळत असेल, तर त्यांच्यापर्यंत आणखी थोडं मागे यायचं. नसतील, तर करवत न काढताच परत फिरायचं.