निवड न झालेला शूटर: डंकन रॉबिन्सन एनबीएपर्यंत कसा पोहोचला

जून २०१८ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये साठ नावं पुकारली गेली. ड्राफ्ट म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं. मिशिगन विद्यापीठाचा डंकन रॉबिन्सन त्यांत नव्हता. पुढे तीनच वर्षांनी मायामी हीट या एनबीए संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा नऊ कोटी डॉलरचा करार केला. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या खेळाडूला तोवर एवढा मोठा करार कुणी दिला नव्हता. लांबून चेंडू बास्केटमध्ये टाकणारा त्याचा हात तर आधीपासूनच तयार होता. मधल्या काळात बदलला तो खेळ.

एनबीएने तीन गुणांची रेषा (तिच्या बाहेरून चेंडू पडला तर दोनऐवजी तीन गुण) १९७९-८० च्या हंगामात आखली, कॉलेज बास्केटबॉलमध्ये ती १९८६-८७ पासून सगळीकडे आली. एनबीएच्या त्या पहिल्या हंगामात एक संघ सामन्यात सरासरी तीन वेळाही लांबून प्रयत्न करत नसे. २०१८-१९ पर्यंत हाच आकडा बत्तिसाच्या आसपास पोहोचला. हिशेब अगदी शाळेतला आहे. लांबून शंभरातले चाळीस चेंडू पडले तर १२० गुण होतात, आणि जवळून तेवढे गुण काढायला साठ चेंडू पडावे लागतात. हे गळी उतरायला मात्र तीन दशकं गेली. डेव्हिडसन या छोट्या कॉलेजातून आलेल्या स्टीफन करीने २०१५-१६ च्या हंगामात ४०२ थ्री-पॉइंटर, म्हणजे तीन गुणांचे यशस्वी फटके, टाकले, त्यानंतर वाद उरलाच नाही.

रॉबिन्सन न्यू हॅम्पशायरमधल्या न्यू कॅसल या चिमुकल्या गावात वाढला. २०१३ मध्ये तो मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजात गेला. हे कॉलेज तिसऱ्या श्रेणीत खेळतं, आणि त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. तिथून एनबीएत जाण्याचं स्वप्नही सहसा कुणी पाहत नाही. पहिल्याच वर्षी विल्यम्सने राष्ट्रीय अंतिम फेरी गाठली आणि विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ७५-७३ अशी हार पत्करली. त्यानंतर प्रशिक्षक माइक मेकर दुसरीकडे गेले. त्यांनी पूर्वी जॉन बीलाइन यांचे सहायक म्हणून काम केलं होतं, आणि बीलाइन तेव्हा मिशिगनचे प्रशिक्षक होते. याच ओळखीतून रॉबिन्सन मिशिगनला गेला. थेट तिसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीतल्या मिशिगनमध्ये, तेही शिष्यवृत्तीवर, असा प्रवास फारच दुर्मीळ. या ओळखीचं मोल मला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

तेव्हाच्या नियमानुसार एक वर्ष बाहेर बसून तो मिशिगनकडून तीन हंगाम खेळला. २०१८ मध्ये संघ अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाकडून हरला. त्या वर्षी बिग टेन या मिशिगनच्या विद्यापीठ-गटातला सर्वोत्तम राखीव खेळाडू रॉबिन्सन ठरला होता. शूटर म्हणून चांगला, पण बचावात कच्चा, असंच त्याच्याबद्दल बोललं जाई.

इथे आणखी एक नवी सोय कामी आली. एनबीएने २०१७-१८ पासून टू-वे करार सुरू केले होते. त्यात खेळाडू बराच काळ जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगच्या संघात राहतो आणि गरजेप्रमाणे मुख्य संघात येतो. समर लीग या उन्हाळ्यातल्या, नव्या खेळाडूंच्या स्पर्धेतला खेळ पाहून हीटने रॉबिन्सनला असा करार दिला. त्याने साउथ डकोटातल्या सू फॉल्समध्ये हंगाम काढला आणि तिथे त्याचे जवळपास निम्मे थ्री-पॉइंटर पडले. एप्रिल २०१९ मध्ये त्याला नियमित करार मिळाला. पुढच्याच हंगामात त्याने ४४.६ टक्के अचूकतेने २७० थ्री-पॉइंटर टाकून हीटचा एका हंगामाचा विक्रम मोडला, आणि त्या वर्षीच्या फायनल्समध्ये, म्हणजे एनबीएच्या अंतिम मालिकेत, लेकर्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात सात थ्री-पॉइंटरसह २६ गुण केले. २०२५ मध्ये तो डेट्रॉइट पिस्टन्सकडे गेला, तेव्हा हीटच्या इतिहासातले सर्वाधिक थ्री-पॉइंटर त्याच्या नावावर होते.

तो मिशिगनमध्ये होता तेव्हा कॉलेजची रेषा २० फूट ९ इंचांवर होती, तर एनबीएची बास्केटसमोर २३ फूट ९ इंचांवर. म्हणजे तीन फुटांची ही उडी त्याला नोकरी शोधता शोधताच मारावी लागली. २०१९-२० पासून कॉलेजची रेषाही मागे सरकून २२ फुटांच्या पुढे गेली.