मालगाडी, उतरतं ऊन आणि डोंगराची सावली

संध्याकाळच्या उन्हात मालगाडी कॅमेऱ्यात टिपायची, तर आपण आधी सूर्यास्ताची वेळ बघतो. डोंगराजवळ ती वेळ फसवते. रुळांच्या पश्चिमेला 5 किलोमीटरवर, रुळांपेक्षा 1000 मीटर उंच डोंगर असेल, तर सूर्य क्षितिजाच्या 11 अंश वर असतानाच त्याच्याआड जातो. सूर्याला 1 अंश सरकायला 4 मिनिटं लागतात. म्हणजे ऊन निदान पाऊण तास आधीच संपतं! हात लांब करून मूठ धरा. तिची रुंदी साधारण 10 अंश भरते. सूर्य आणि डोंगरमाथा यांच्यात एक मूठ मावली, तर हातात अजून किमान 40 मिनिटं आहेत. (मोजताना सूर्याकडे थेट बघू नका.)

एवढा आटापिटा कशासाठी? दुपारी ऊन वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, टपावर पडतं आणि खालचा भाग काळोखात राहतो. सूर्य 60 अंशांवर असताना उभ्या बाजूला थेट उन्हाचा निम्माच जोर मिळतो; 10 अंशांवर जवळजवळ सगळा. तेव्हाच तिरपं ऊन डब्याखाली शिरतं. चाकांच्या मधल्या स्प्रिंगांचं एकेक वेटोळं, त्यावरची तेलकट धूळ, पत्र्यावरचे रिव्हेट, सगळं उठून दिसतं. मला मालगाडी खरी दिसते ती इथे.

रंग हवेमुळे येतो. 10 अंशांवरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा साडेपाच पट हवा ओलांडून येतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतात, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचतं ते सोनेरी ऊन. विखुरलेला निळा आकाशातून सावल्यांवर उतरतो.

आता वेग, गाडीचा आणि शटरचा (शटर उघडं राहतं तेवढ्या वेळात गाडी सरकते). ताशी 60 किलोमीटरने आडवी जाणारी गाडी 1/500 सेकंदात सव्वातीन सेंटिमीटर सरकते. शटर 1/1000 ठेवलं तर डब्यांवरची अक्षरं वाचता येतात.

सूर्यबिंब अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे ते डोंगराआड जायला 2 मिनिटं तरी घेतं. 700 मीटर लांबीची गाडी ताशी 40 किलोमीटरने येत असेल, तर ती पुढून जायला मिनिटभर लागतं. बिंब डोंगराला टेकताना इंजिन आलं, तर शेवटच्या वाघिणीपर्यंत ऊन निम्म्यावर आलेलं असतं. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) हाताने लावलं असेल, तर गाडी जाता जाता शटर एक पायरी मंद करा, म्हणजे त्याचा वेळ दुप्पट करा.