टर्नच्या फेज आणि वेळेचे नियम (मॅजिक: द गॅदरिंग)

मॅजिक: द गॅदरिंग हा जादूगारांच्या द्वंद्वावर बेतलेला पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफील्ड यांनी रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ साली बाजारात आणला. त्यातल्या प्रत्येक टर्नच्या (खेळाडूच्या पाळीच्या) पाच फेज, म्हणजे टप्पे असतात: सुरुवात, पहिली मेन फेज, कॉम्बॅट (लढत), दुसरी मेन फेज आणि शेवट. हा क्रम नवशिक्यालाही एका बैठकीत पाठ होतो. खरा कस लागतो तो कोणत्या क्षणी कोणाला काय करता येतं, हे ओळखण्यात.

सुरुवातीला अनटॅप, अपकीप आणि ड्रॉ या तीन स्टेप. टॅप केलेले, म्हणजे वापरून आडवे केलेले पत्ते उभे करायचे, अपकीपचे परिणाम उरकायचे, एक पत्ता ओढायचा. दोघांच्या डावात पहिली टर्न घेणाऱ्याला पहिला ड्रॉ मिळत नाही. लँड (माना, म्हणजे जादूची ऊर्जा देणारी जमीन), क्रीचर (लढणारे प्राणी) आणि सॉर्सरी (संथ मंत्र) एरवी स्वतःच्या मेन फेजमध्ये, तेही स्टॅक, म्हणजे लागू व्हायच्या मंत्रांची चळत, रिकामा असतानाच खेळता येतात. इन्स्टंट या झटपट मंत्राला हे बंधन नाही. प्रायॉरिटी हाती असली की तो प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्येही टाकता येतो.

प्रायॉरिटी म्हणजे काही करण्याचा हक्क. ज्याची टर्न, त्याला ती आधी मिळते. टाकलेला मंत्र लगेच लागू होत नाही, तो स्टॅकवर जातो. स्टॅक ही चळतच: दोघांनीही लागोपाठ पास केलं की सर्वांत वरचा, म्हणजे शेवटी आलेला मंत्र आधी लागू होतो. ही पद्धत १९९९ च्या सिक्स्थ एडिशनपासून आली. त्याआधी इंटरप्ट नावाचा मंत्रांचा वेगळा प्रकार होता आणि नियम फार किचकट होते. खेळाच्या नियमांतली ही सर्वांत मोलाची सुधारणा म्हणावी लागेल.

समजा, २/२ च्या (पहिला आकडा वाराची ताकद, दुसरा सोसण्याची) ग्रिझली बेअर्स या अस्वलाच्या क्रीचरवर प्रतिस्पर्ध्याने लाइटनिंग बोल्ट हा इन्स्टंट टाकला. तीन डॅमेज, म्हणजे अस्वल गेलंच. पण उत्तरादाखल जायंट ग्रोथ हा +३/+३ देणारा इन्स्टंट टाकला, तर तो आधी लागू होऊन अस्वल टर्न संपेपर्यंत ५/५ होतं आणि बोल्ट पचवतं. हेच उलट करून पाहा. अस्वलाच्या मालकाने घाईने ग्रोथ आधी टाकला, तर प्रतिस्पर्ध्याचा बोल्ट स्टॅकवर त्याच्या वर जाऊन बसतो. अस्वल २/२ असतानाच मरतं आणि लक्ष्यच न उरल्याने ग्रोथ वाया जातो. पत्ते तेच, खर्चही दोन्हींचा एकेक मानाच. फरक फक्त आधी कोण बोललं याचा.

कॉम्बॅटमध्येही हेच. एखाद्या क्रीचरला टॅप करून हल्ल्यापासून रोखायचं असेल, तर ते हल्ला जाहीर होण्याआधी करावं लागतं. नंतर टॅप केलं तरी ते हल्ल्यातच राहतं. तसंच, एकदा ब्लॉक झालेलं क्रीचर ब्लॉक करणारा मेला तरी ब्लॉक झालेलंच राहतं. ट्रॅम्पल (उरलेला वार खेळाडूवर नेणारी क्षमता) नसेल तर त्याचा वार खेळाडूपर्यंत पोचत नाही. पूर्वी कॉम्बॅटचं डॅमेजही स्टॅकवर जायचं. २००९ साली ते बंद झालं.

शेवटच्या फेजमध्ये एंड स्टेप आणि क्लीनअप येतात. क्लीनअपमध्ये हातातले सातपेक्षा जास्त असलेले पत्ते टाकून द्यायचे. मग क्रीचरवरचं डॅमेज आणि ‘टर्न संपेपर्यंत’चे परिणाम एकाच वेळी पुसले जातात. म्हणूनच तीन डॅमेज घेतलेलं ते अस्वल पुन्हा २/२ झालं तरी जिवंत राहतं.